लिबर्टेरियन म्हणजे अराजकवादी नव्हे

‘लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याला सर्वोच्च मानणाऱ्या, पक्षाला सरकारच नको असते,’ असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. या विचाराच्या एका टोकाला तसे म्हणणारे आहेतही. पण पक्ष काढून मते मागणाऱ्यांना सहसा कमी कर आणि मर्यादित सरकार हवे असते. जॉर्जिया या देशातील अशाच एका छोट्या विरोधी पक्षाने सक्तीच्या लष्करी सेवेला विरोध करताना, धर्मगुरूंना सूट देणाऱ्या तरतुदीचा आधार घेऊन स्वतःची धार्मिक संस्था स्थापली आणि तरुणांना धर्मगुरूपद दिले. युक्ती पटो न पटो, कायदाच नाकारणारा माणूस कलमे चाळत बसत नाही. पुढे २०२० मध्ये मतांच्या प्रमाणात वाटल्या जाणाऱ्या जागांसाठीची किमान मतांची अट १ टक्क्यावर आल्यावर या पक्षाने संसदेत जागाही मिळवल्या. पडताळणी सोपी आहे: जाहीरनाम्यात न्यायालये, पोलीस आणि संरक्षण यांविषयी काय लिहिले आहे, ते वाचावे.