बॅटरी उतरली की वायरने व्होल्टेज खाल्लं?

मासेमारी बोटीवर विजेने दगा दिला की लक्षणं जवळपास सारखीच असतात. जाळं ओढायच्या ऐन वेळी डेकवरचे दिवे मंदावतात. इंजिनाला सेल्फ मारला की फिश फाइंडर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वायरलेसवर दुसऱ्या बोटीचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण आपण बोलायला बटण दाबलं की सेट तुटक होतो किंवा बंदच पडतो. धक्क्यावर याचं निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. मग नवी बॅटरी येते, काही दिवस बरे जातात आणि रडगाणं पुन्हा सुरू होतं. नाखवा म्हणतो, ही पण खराब निघाली. विकणारा म्हणतो, तुम्ही नीट चार्ज करत नाही.

वरची तिन्ही लक्षणं दोन अगदी वेगळ्या बिघाडांतून येऊ शकतात. पहिला बिघाड बॅटरीच्या पोटातला: ती उतरलेली आहे किंवा तिचा एखादा सेल मेला आहे. दुसरा बॅटरीच्या बाहेरचा: बॅटरी ठणठणीत आहे, पण तिथून केबिनपर्यंतच्या वायरीत, वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या थिंबलांत आणि जोडांत व्होल्टेज वाटेतच खर्च होतंय. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. पहिल्यावर इलाज बॅटरी चार्ज करणं किंवा बदलणं. दुसऱ्यावर बॅटरी कितीही वेळा बदलली तरी उपयोग शून्य. माझ्या पाहण्यात दुसराच बिघाड जास्त येतो आणि पैसे मात्र पहिल्यावर खर्च होतात, याची मला मनापासून चीड आहे.

गोंधळ का होतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे मीटर हातात असलेला माणूससुद्धा फसतो.

वायरीत व्होल्टेज पडतं ते करंट वाहत असतानाच. करंट जितका जास्त तितकं जास्त पडतं आणि करंट शून्य असेल तर पडणारं व्होल्टेजही शून्य. म्हणजे सेट बंद ठेवून त्याच्या मागच्या प्लगमध्ये मीटर लावला तर सडक्या वायरीतूनही पूर्ण साडेबारा व्होल्ट दिसतात. बसवून देणारा तो आकडा दाखवतो, "बघा, सप्लाय बरोबर येतोय" म्हणतो आणि हात झटकतो. आकडा खरा असतो, पण त्यावरून वायर चांगली आहे हे सिद्ध होत नाही.

वायरलेसचंच उदाहरण घेऊ. बोटीवरच्या २५ वॅटच्या व्हीएचएफ सेटला ऐकताना साधारण अर्धा अँपिअर लागतो आणि बोलताना सहाच्या आसपास. समजा बॅटरी इंजिनखोलीत आहे आणि वायर कडेकडेने फिरून केबिनपर्यंत आठ मीटर जाते. करंट जाऊन परत येतो, म्हणून हिशेबात धरायचे सोळा मीटर. ही वायर घरातल्या दिव्यांना वापरतात तशी एक एमएमची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सुमारे ०.२९ ओम होतो. ऐकताना पडणारं व्होल्टेज ०.१५ च्या आत, कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोलताना मात्र १.७ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर १२.५ असतील तर सेटला मिळतात १०.८. बऱ्याच सेटच्या माहितीपत्रकात १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमीजास्त, असं लिहिलेलं असतं. म्हणजे खालची मर्यादा ११.७ झाली. ऐकू येतं पण बोलता येत नाही याचं सगळं गूढ इतकंच आहे. चॅनल १६ वर मदत मागायची वेळ येते, तेव्हा नेमकं बटण दाबूनच बोलायचं असतं.

हीच वायर चार एमएमची असती तर ०.४३ व्होल्ट पडले असते, सहा एमएमची असती तर ०.२९. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात नेव्हिगेशनचे दिवे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठी ३ टक्क्यांची मर्यादा आहे, बाकीच्या बहुतेक गोष्टींना १० टक्के चालतात. १२ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६. त्या हिशेबाने या सेटला सहा एमएम हवी. एक आणि सहा एमएमच्या सोळा मीटर वायरीतला किमतीचा फरक एका नव्या बॅटरीपुढे किरकोळ आहे. तरीही पातळ वायर पडते, कारण भिंतीआड गेलेली वायर कुणी बघत नाही.

आता तपासणी. आधी बॅटरी, कारण ते काम सोपं आहे. रात्रभर काही न चालवता ठेवलेली बारा व्होल्टची लेड अॅसिड बॅटरी १२.६ किंवा वर दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्म्यावर, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बंदरात शिरल्या शिरल्या मोजू नका. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर आकडा फुगलेला दिसतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, बघा. भरलेल्या सेलची १.२६५ च्या पुढे येते, आणि एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून खाली असेल तर ती बॅटरी खरंच गेली, तिथे वायरमनला दोष देऊ नका. शेवटी सेल्फ मारताना बघायचं. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी तरी संपली आहे किंवा स्टार्टर नको तेवढा करंट ओढतोय.

सेल्फ मारताना मीटरची टोकं कुठे टेकवता यावर सगळं अवलंबून आहे. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा, त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नको. मग एक टोक खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारायला सांगा. मधे फक्त एक-दोन मिलिमीटरचं अंतर आहे, तेव्हा मीटर जवळजवळ शून्य दाखवायला हवा. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर चोर सापडला: खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये साचलेली राखाडी-पांढरी पूड, किंवा हाताने फिरेल इतका सैल क्लॅम्प. अशा वेळी नवी बॅटरी आणली की क्लॅम्प काढून, पुसून, घट्ट बसवला जातो. म्हणूनच नव्या बॅटरीने चार दिवस "फरक पडतो". फरक घासण्यापुसण्याने पडलेला असतो आणि श्रेय बॅटरीला जातं.

वायरीची तपासणी याच युक्तीने पुढे न्यायची. सेट, दिवे, पंप, ज्याची तक्रार असेल ते चालू करा. वायरलेस असेल तर दुसऱ्याला बोलायचं बटण दाबून धरायला सांगा, पण त्यासाठी चॅनल १६ वापरू नका, मोकळा कामाचा चॅनल घ्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरं, लांब वायर जोडून, सेटमागच्या पॉझिटिव्हवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत मरतंय. मग हेच निगेटिव्ह बाजूला करा. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. लाल वायर नवी, जाड घातलेली असते आणि काळी मात्र पाच यंत्रांची मिळून एकच, एका गंजलेल्या बोल्टवर कोंबलेली. करंटला परतीची वाटही तितकीच मोकळी लागते. आकडा जास्त आला तर मधल्या प्रत्येक जोडावर टोक सरकवत जा: स्विच, फ्यूज, पट्टी, जोड. ज्या जागी आकडा एकदम उडी मारतो तो जोड खराब.

तो जोड उघडल्यावर जे दिसतं ते मला कायम अस्वस्थ करतं. बाहेरून काळी टेप गुळगुळीत. टेप सोलली की आतून ओल येते, टेपचा गोंद वितळून ओघळलेला असतो, आणि खाली दोन वायरी नुसत्या पिळून एकमेकींत अडकवलेल्या. तांब्यावर हिरवा थर. नेलकटरने एक तार खरवडली तरी लाल तांबं लागत नाही, काळंच निघतं. इन्सुलेशन आणखी वीतभर मागे सोललं तरी काळंच, कारण खारं पाणी तारांच्या फटींतून आत आत चढत गेलेलं असतं. म्हणून चांगल्या बोटीत कल्हई केलेल्या तांब्याची वायर घालतात. पितळेच्या पातेल्याला आजी ज्या कारणाने कल्हई करून घ्यायची, तेच कारण इथे आहे: कथलाचा थर असला की खाली कळंक धरत नाही. घरगुती वायरीला हा थर नसतो. त्यातही एकच जाड तार असलेली वायर बोटीत घालणं तर गुन्हाच, इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत मोडते आणि बाहेरून अखंड दिसते.

थिंबलांचंही तसंच. थिंबल योग्य मापाच्या पंचिंग हत्याराने दाबायला हवं. पकडीने चेपलेलं थिंबल हाताने ओढलं की निघून येतं. ओढून बघाच, बसवणाऱ्याच्या समोर. वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी हवी, नुसती टेप नको. काही जण रांगा लावून, म्हणजे सोल्डर करून, काम पक्कं केलं असं सांगतात. सोल्डर संपतो त्या ठिकाणी तार ताठ होते आणि थरथरीने तिथेच तुटते. केवळ सोल्डरच्या भरवशावर जोड ठेवू नये.

सैल जोडाची खरी भीती वेगळीच आहे. ०.१ ओम रोध असलेल्या जोडातून २० अँपिअर गेले तर त्या एका बिंदूवर ४० वॅट उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेवर सोल्डरिंग आयर्न चालतं. ही उष्णता लाकडावर, फायबरवर, डिझेलच्या वासात तयार होत असते. आणि फ्यूज असला तरी तो उडणार नाही, कारण करंट ठरल्यापेक्षा जास्त नाहीच. फ्यूज वाचवतो शॉर्टपासून. त्यासाठी तो बॅटरीजवळ लागतो. वर सांगितलेल्या अमेरिकन मानकातच सर्वसाधारण अंतर ७ इंच दिलं आहे, म्हणजे वीतभरच. केबिनमधल्या पेटीत फ्यूज आणि इंजिनखोलीपासून तिथपर्यंतची आठ मीटर वायर फ्यूजच्या संरक्षणाविना, ही मांडणी मी नव्या बोटींवरही पाहिली आहे.

दोन बिघाड वेगळे आहेत हे खरं, पण एक दुसऱ्याला जन्म देतो, आणि इथेच हुशार माणसंही चकतात. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतोय, पण त्याच्यापासून बॅटरीपर्यंतच्या वायरीत पाऊण-एक व्होल्ट पडतो. बॅटरीला १३.३ मिळतात. तेवढ्यावर ती भरल्यासारखी वाटते, पूर्ण कधीच भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि बॅटरी खरोखर मरते. आता हायड्रोमीटर सांगतो बॅटरी गेली आणि तो खरंच सांगतो. बॅटरी बदलणंही योग्य. पण ती मारणारी वायर तशीच राहिली, तर पुढची बॅटरी त्याच वाटेने जाणार. म्हणून बॅटरी खराब निघाल्यावरही इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या टोकावर आणि बॅटरीच्या खुंटावर, दोन्हीकडे मोजा. दिवे आणि पंप चालू ठेवून मोजा.

उलट फसवणूकही होते, ती थोडक्यात सांगतो. वायर, जोड सगळं उत्तम, बॅटरीही चांगली, पण रोज सकाळी उतरलेली. तिथे एखादं यंत्र मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेलं असतं आणि रात्रभर थोडाथोडा करंट पीत असतं. सगळं बंद करून निगेटिव्ह वायर सोडवा आणि खुंट व वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा, लगेच दिसतं. हे करताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल.

बोटींवरची यंत्रं वाढतच आहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारी-घेणारी यंत्रं, बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली, त्यांचं तंत्रज्ञान इस्रोचं आहे. जीपीएस, आपली जागा इतर जहाजांना कळवणारं एआयएस, फिश फाइंडर आधीपासून आहेतच. प्रत्येक नवं यंत्र बसवायला वेगळा माणूस येतो आणि सगळ्यात जवळची जिवंत वायर कापून तिथून सप्लाय घेतो. मूळ वायर दोन दिव्यांसाठी होती हे त्याला माहीत नसतं, आणि त्याला कुणी विचारतही नाही.

विचारा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट शाकारलेली असते, तेव्हाच हे काम करून घ्या. विकणाऱ्याच्या बिलावर नुसतं "वायरिंग व फिटिंग" असं लिहून घेऊ नका. वायर किती एमएमची, कल्हई केलेली की साधी, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, हे लेखी मागा, सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा मागा. ताब्यात घेताना यंत्रं चालू ठेवून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही बाजूंचे आकडे त्याच्यासमोर मोजा आणि त्याच कागदावर तारीख घालून लिहा. पुढे तो म्हणालाच की "बोट धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही", तर ऐकून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्यासाठीची खरेदी वगळली आहे खरी, पण स्वतः राबून फक्त पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना तो आकड्यांचा कागद हाताशी ठेवा.