पडीक कोणाला म्हणायचे? कोळसा, माळ आणि विहिरी: पार्श्वभूमी

सोलापूरच्या मातीखाली काळा कातळ आहे, कोळसा नाही. गिरण्यांच्या काळापासून तो रेल्वेने बाहेरूनच येतो. आज फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या वीज केंद्राला कोळसा येतो दूरच्या खाणींतून आणि पाणी उजनी धरणातून. त्यामुळे खाणीपाशी काय घडते, हे इथे फारसे कोणी विचारत नाही.

उघड्या खाणीत आधी माती निघते, मग मुरूम, मग खडक. त्यांचे डोंगर बाजूला रचले जातात. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की रात्रंदिवस पंप चालवावे लागतात. भोवतालचे भूजल त्या खड्ड्याकडे ओढले जाते आणि आजूबाजूच्या विहिरी तळ गाठतात. कोळशासोबत गंधकयुक्त खनिज असेल तर हवा लागून पाणी आम्लधर्मी होते. खड्डा पुढे बुजवला तरी मूळचे थर परत बसत नाहीत. वर झाडे लावता येतात. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचा मिश्र माळ मात्र सहजी परतत नाही.

खरा गुंता ‘पडीक’ या शब्दात आहे. शेतकरी जमीन ‘पड टाकतो’ ती तिला विसावा म्हणून. इंग्रजी अमलातल्या महसुली मोजणीने (तिची सुरुवात शेजारच्या इंदापुरातली, १८३०च्या दशकातली) जमीन पिकावर जोखली. सर्व्हे नंबरातला न पिकणारा तुकडा पोटखराबा ठरला. गावाच्या चराईचे गायरान ही तिसरीच गोष्ट. बोलण्यात आणि पुढे योजनांतही तिन्ही एकाच पोत्यात गेली. धनगराची मेंढरे ज्यावर जगतात, त्या जमिनीवर ‘खराब’ हा शिक्का बसला तो असा. अशी जमीन प्रकल्पाला देताना कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही.

गवताळ माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी इथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले, ८,४९६ चौ. किमीचे. त्यात शेते आली, गावे आली, जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोक पक्ष्यावरच चिडले. नंतर ते सुमारे १,२२२ चौ. किमीवर आणले गेले. कपात गरजेचीच होती; पण आधी गवत कुठे उरले आहे ते पाहून रेघ मारली असती, तर एवढा मनस्ताप झालाच नसता.

खाणीसाठी वनजमीन दिली की बदल्यात झाडे लावण्याची अट १९८०च्या वन कायद्यामागोमाग आली. ‘निकृष्ट’ वनजमीन त्यासाठी चालते, आणि गवताळ माळ याच खात्यात पडतो. याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावरही वनीकरणात ग्लिरिसिडियाची झाडे लावली गेली. माळढोकला लांबवर नजर जाईल अशी उघडी जमीन लागते.