लेव्हल मिळायची कुठे? लॉजवर!

आता कुठलाही गेम उघडा, राक्षस मेला की जागच्या जागी टिंग वाजतं, लेव्हल वाढते आणि आपण पुढे चालायला लागतो. जुन्या गेममधे असं नव्हतं. पॉइंट कमवायचे गुहेत आणि लेव्हल मिळायची गावात, आणि मधल्या वाटेवर मेलात तर बसा बोंबलत. हे असं का होतं ते बघायचं तर कॉम्प्युटरच्याही मागे जावं लागतं.

१९७१ ला अमेरिकेत चेनमेल नावाचं नियमपुस्तक आलं, गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेनचं, टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचं. मागे एक फँटसीची पुरवणी जोडलेली होती आणि तिच्यात हिरो म्हणजे चार माणसांच्या बरोबरीचा, सुपरहिरो म्हणजे आठ जणांच्या. मिनेसोटात डेव्ह आर्नेसन तेव्हा मित्रांना घेऊन ब्लॅकमूर नावाचा खेळ खेळवत होता, त्यात एकेका खेळाडूकडे एकेक पात्र आणि ते पात्र खेळत खेळत तगडं होत जायचं. गायगॅक्स आणि आर्नेसनचं मिळून १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ. त्यात लढवय्याच्या प्रत्येक लेव्हलला पदवी होती, आणि गंमत बघा, चौथ्या लेव्हलला हिरो, आठव्याला सुपरहिरो! म्हणजे लेव्हल हा आकडा मुळात 'हा गडी कितीजणांना भारी' एवढंच सांगत होता.

पॉइंट मुख्यतः सोन्याचे मिळायचे, एका मोहरेला एक पॉइंट. लढवय्याला दुसरी लेव्हल गाठायला २००० लागायचे, जादूगाराला २५००. मारामारी न करता गुपचूप पेटी उचलून सटकलात तर उत्तमच, पण सोनं बाहेर काढायला पाहिजे. याच खेळाच्या १९७९ च्या गाइडमधे तर गायगॅक्सने वर ट्रेनिंगचा खर्चही लावला, आठवड्याला लेव्हल गुणिले १५०० मोहरा. क्लासची फी त्याकाळीही परवडत नव्हती.

कॉम्प्युटरवर हे लगेच उतरलं. इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या प्लेटो या शिकवण्यासाठीच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर १९७५ लाच पेडिट५ नावाचा डंजन, म्हणजे भुयारातला, गेम होता. नाव असं रुक्ष कारण अभ्यासाच्या फायलींच्या गर्दीत तो खपून जावा, तरी तो डिलीट झालाच.

पण माझ्या मते खरा बाप १९८१ चा विझर्ड्री. कॉर्नेलच्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेडने ॲपल टू कॉम्प्युटरवर केलेला. सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचं, आणि पॉइंट कितीही साठले तरी लेव्हल मिळणार वर गावात येऊन लॉजवर झोपल्यावरच. त्यातही तबेल्यात फुकट झोपायची सोय! सकाळी उठलं की कळायचं ताकद वाढली का बुद्धी, आणि कधीकधी चक्क कमीही झालेली असायची. अख्खी टोळी खाली मेली तर प्रेतं तिथेच पडून, दुसरी टोळी तयार करून त्यांना आणायला जायचं. मरण लगेच डिस्कवर लिहिलं जायचं, म्हणून लोक ड्राइव्ह फिरायच्या आत झाकण उघडायचे, जमलं तर जमलं.

या भीतीतूनच घासणं सुरू झालं, म्हणजे तेच तेच राक्षस मारून पॉइंट साठवत बसणं. टेबलावर खेळ चालवणारा डंजन मास्टर नावाचा माणूस असतो, तेच भूत दहाव्यांदा मारायला गेलात तर तो वैतागतो, कॉम्प्युटर कशाला वैतागेल? विझर्ड्रीच्या पहिल्याच मजल्यावर मर्फीची भुतं होती, फटका किरकोळ आणि पॉइंट भरघोस, लोक मारायचे, बाहेर यायचे, परत जाऊन मारायचे. १९८५ च्या बार्ड्स टेलमधे ९९-९९ बर्सर्करांच्या, म्हणजे पिसाट योद्ध्यांच्या, चार तुकड्या एकदम अंगावर येतात, म्हणजे ३९६ जण, तीच लढाई लोकांनी रतीब लावल्यासारखी लढली. तिथेही लेव्हल घ्यायला गावातल्या रिव्ह्यू बोर्डाच्या दारात जावं लागायचंच. १९८८ च्या पूल ऑफ रेडियन्समधे ट्रेनिंगला १००० मोहरा, आणि एवढं करून जादूगार सहाव्या लेव्हलला अडकला तो अडकलाच, गेम पुढे जाऊच देत नव्हता.

हे मोडलं जपानमधे. गेम बनवणारा युजी होरी विझर्ड्री आणि अल्टिमा या गेमचा भक्त, पण त्याला फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या गेम मशीनवर, बसलेल्या पोरांसाठी गेम करायचा होता ज्यांनी असलं काही बघितलंच नव्हतं. १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट. स्लाइम हा किरकोळ राक्षस मारला की १ पॉइंट, ७ झाले की तिथेच मैदानात धून वाजते आणि दुसरी लेव्हल. मेलात तर निम्मे पैसे जातात पण पॉइंट आणि लेव्हल शाबूत. मग वेळ घालवला की प्रगती ठरलेलीच, नशीब कितीही फुटकं असो.

आपल्याकडे नव्वदीत जे फॅमिकॉमचे डुप्लिकेट घरोघरी होते त्यांच्या कॅसेटमधे मला मारिओ आणि कॉन्ट्रा सोडून फार काही दिसलं नाही, हे सगळं खूप नंतर एम्युलेटरवर, म्हणजे जुनी मशीनं कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळलो.

परत यायची सक्ती मात्र ड्रॅगन क्वेस्टमधेही थोडी उरलीच. राजाकडे गेलं की तो पुढच्या लेव्हलला किती पॉइंट बाकी ते सांगायचा, आणि गेममधे सेव्हची सोय नसल्याने पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायला हिरागाना या जपानी लिपीतल्या २० अक्षरांचा पासवर्ड द्यायचा. तो कागदावर उतरवून घ्यायचा. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत गेली.