रेषेचा उतार नऊ का येत नाही?

फर्ग्युसन रस्त्यावर बर्गरच्या कुठल्याही मोठ्या साखळीत शिरा, मेनूवर पदार्थापुढे किलोकॅलरी छापलेल्या असतात. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी तसं बंधनच घातलं आहे. त्या आकड्यांना फॅटच्या ग्रॅमची जोड द्या आणि आलेखाच्या कागदावर प्रत्येक पदार्थाचा एक ठिपका काढा. आडवं फॅट, उभ्या कॅलरी. ठिपके उजवीकडे वर चढत जातात.

आता त्यांच्यामधून एक सरळ रेघ ओढायची. कोणती? प्रत्येक ठिपक्याचं रेघेपासूनचं उभं अंतर मोजून वर्ग केला, तर सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी भरेल ती. ही पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने 1805 मध्ये छापली. लीनिअर रिग्रेशन म्हणतात ते हेच.

एक ग्रॅम फॅटमधून 9 किलोकॅलरी मिळतात, प्रथिनं आणि कर्बोदकांतून प्रत्येकी 4. मग रेघेचा उतारही, म्हणजे ग्रॅमभर फॅट वाढल्यावर रेघ जितक्या किलोकॅलरी वर चढते तो आकडाही, 9 यायला हवा ना? बर्गरच्या यादीत तो सहसा जास्तच येतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. समजा, लहान बर्गरमध्ये 10 ग्रॅम फॅट, 10 प्रथिनं, 40 कर्बोदकं आहेत: एकूण 290 किलोकॅलरी. मोठ्यात 25, 22 आणि 50: एकूण 513. फॅट वाढलं 15 ग्रॅम, किलोकॅलरी वाढल्या 223, म्हणजे ग्रॅममागे जवळपास 15. यातल्या फॅटच्या स्वतःच्या 135च. उरलेल्या 88 जाडजूड पावाच्या आणि वाढीव टिक्कीच्या, पण रेघ त्याही फॅटच्याच खात्यावर मांडते. उतार अंदाज बांधायला उत्तम. कारण सांगायला अपुरा.

कोलाचा ठिपका तर रेघेला जुमानतच नाही. 300 मिलिलिटरमध्ये साधारण 32 ग्रॅम साखर, म्हणजे 128 किलोकॅलरी, आणि फॅट शून्य.

अशा विखुरण्याकडे गांभीर्याने पाहणारे संख्याशास्त्रज्ञ याच रस्त्यावरच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले: पां. वा. सुखात्मे. माणसाची ऊर्जेची गरज व्यक्तीनुसार बदलते, एकाच माणसात काळानुसारही बदलते. म्हणून नुसत्या सरासरीवरून कुपोषण ठरवू नये, असं ते आग्रहाने मांडत. मेनूवरच्या कॅलरींची गाठ शेवटी अशाच बदलत्या गरजेशी पडते, आणि ती गरज कुठल्याच मेनूवर छापलेली नसते.