फोरम थिएटर

फोरम थिएटर हा सहभागी रंगभूमीचा एक प्रकार असून, ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी विकसित केलेल्या ‘शोषितांची रंगभूमी’ या पद्धतीचे हे सर्वाधिक प्रचलित अंग होय. यात अन्यायाचा एखादा प्रसंग प्रथम अखेरपर्यंत सादर केला जातो आणि त्यात पीडित पात्राची हार होते. तोच प्रसंग पुन्हा सुरू झाल्यावर कोणीही प्रेक्षक तो थांबवून त्या पात्राची जागा घेऊ शकतो व वेगळा मार्ग अजमावून पाहतो. उरलेले नट मात्र आपापल्या भूमिका न सोडता त्याला विरोध करीत राहतात. ‘जोकर’ नावाचा सूत्रधार स्वतः निवाडा न देता, दाखवलेला उपाय प्रत्यक्षात शक्य आहे का, हे जमलेल्यांनाच विचारतो.

या प्रकाराच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. बोआल यांना १९७१ मध्ये लष्करी राजवटीत अटक व छळ सोसून देश सोडावा लागला आणि १९७३ मध्ये ते पेरूतील साक्षरता मोहिमेत सहभागी झाले. तेथे पेचप्रसंगाशी नाटक थांबवून प्रेक्षकांच्या सूचना घेत व नट त्या करून दाखवीत. नवऱ्याने फसवलेल्या स्त्रीच्या एका प्रसंगात आपली सूचना नटांना कळतच नाही म्हणून वैतागलेल्या बाईला बोआल यांनी मंचावर बोलावले आणि तेथून या प्रकाराचा आरंभ झाला, असे ते सांगतात. हा वृत्तान्त मुख्यतः त्यांच्याच लेखनावर आधारलेला असल्याने तो जपूनच स्वीकारावा लागतो. काही अभ्यासक हे मूळ जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्या १९३० च्या आसपासच्या बोधनाट्यांपर्यंत नेतात; त्यांपैकी एक नाटक बर्लिनमधील शाळकरी मुलांच्या आक्षेपांनंतर पुन्हा लिहिले गेले होते. व्हिएन्नात मानसोपचारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात केलेल्या उत्स्फूर्त नाट्यप्रयोगांशीही साम्य दाखवले जाते, परंतु ते बहुधा समांतर असावे. शिकणाऱ्याला निष्क्रिय श्रोता न मानता कृतिशील सहभागी मानणारे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेइरे यांचे ऋण बोआल स्वतः मान्य करतात. ब्रेख्त यांच्याविषयी मात्र त्यांचा आक्षेप असा की, तेथील प्रेक्षक विचार स्वतः करतो, पण कृती पात्रावरच सोपवतो. हा आक्षेप ध्यानात घेता फ्रेइरे यांचा वारसा अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक वाटते.

रिओ दी जानेरोच्या नगरपरिषदेचे सदस्य असताना (१९९३–९६) बोआल यांनी अशा प्रयोगांतून आलेल्या मागण्यांना विधेयकांचे रूप दिले व त्यांतून तेरा कायदे संमत झाले. या उपक्रमाला ‘विधायी रंगभूमी’ म्हणतात.

भारतात या पद्धतीचा सर्वांत सातत्याने वापर पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृती’ या संस्थेने केला. संजय गांगुली यांच्या पुढाकाराने ती १९८५ मध्ये सुंदरबनात सुरू झाली व १९९० च्या दशकाच्या आरंभी फोरम थिएटरकडे वळली. हुंडा, घरगुती हिंसा आणि दारूचे गुत्ते हे तिच्या नाटकांचे नेहमीचे विषय असून नटही बहुतांशी शेतकरी व मजूर कुटुंबांतील असतात.