पहिल्या योजनेत शेतीला वाऱ्यावर सोडलं होतं?

‘स्वातंत्र्य मिळताच नव्या सरकारनं सगळा पैसा पोलादाच्या कारखान्यांत ओतला, शेतकऱ्याला विसरलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

पहिल्या पंचवार्षिक योजनेचा (१९५१–५६) मूळ आराखडा २,०६९ कोटींचा होता. त्यात पाटबंधारे आणि वीज यांना ५६१ कोटी, शेती व समूह विकासाला ३६१ कोटी. म्हणजे जवळपास ४५ टक्के. उद्योगांना किती? १७३ कोटी, जेमतेम ८.४ टक्के! भाक्रा-नांगल, हिराकूड, दामोदर खोरं ही धरणांची कामं पाटबंधारे-विजेच्या याच पैशांवर पुढं सरकली.

आणि हा क्रम योग्यच होता. फाळणीत पश्चिम पंजाबची कालव्याखालची गव्हाची जमीन गेली, तागाची शेतं पलीकडं गेली आणि गिरण्या इकडं राहिल्या. धान्य बाहेरून आणावं लागत होतं. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी वेगळे ८५ कोटी ठेवले, तेही फार कुणी सांगत नाही.

तेव्हा अर्थमंत्री म्हणून तिजोरी सांभाळत होते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. (मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा दिला, तेच.) १९५०–५१ मध्ये सुमारे ५.१ कोटी टन असलेलं धान्य १९५५–५६ मध्ये ६.७ कोटी टनांच्या आसपास गेलं. पावसानं साथ दिली, हेही मान्य करायला हवं.

भिलाई, राऊरकेला, दुर्गापूर या पोलाद कारखान्यांचा जोर दुसऱ्या योजनेतला, १९५६ नंतरचा. तिच्यावर टीका जरूर करा, पण तिचा दोष पहिलीच्या माथी मारू नका.