म्हातारी माणसे वाढली, की लेकरे कमी झाली?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पाठोपाठ जास्त मुले होऊ देण्याची भाषा केली आणि आमच्याकडे पारावरही लोकसंख्येचा व वाढत्या म्हाताऱ्यांचा विषय निघाला. 'औषधपाण्यामुळे माणसे जास्त जगू लागली, म्हणून म्हातारे वाढले,' यावर सर्वांचे एकमत झाले. हे पटण्यासारखे वाटते. परंतु गणित मांडून पाहिले की मुख्य कारण वेगळेच निघते.

एक गाव कल्पावे. प्रत्येक जोडप्याला सहा मुले होतात, त्यांपैकी दोन लहानपणीच दगावतात आणि चार जगतात. म्हणजे प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या दुप्पट. गावात म्हातारी माणसे १०० असतील, तर कमावती २०० आणि लेकरे ४०० असतील. सातशेत शंभर, म्हणजे सातांत एक म्हातारे माणूस. आता गावात लस आली, स्वच्छ पाणी आले आणि सहाही मुले जगू लागली. सरासरी आयुर्मान झपाट्याने वाढले. तीन पिढ्यांनंतर प्रमाण १०० : ३०० : ९०० असे होते आणि तेराशेत शंभर, म्हणजे तेरांत एकच म्हातारे माणूस उरते. आयुष्य वाढले आणि गाव मात्र तरुण झाले! कारण वाचलेली आयुष्ये बाळांची होती आणि ती बाळे पुढे आईबाप झाली.

आता याच लस आलेल्या गावात आयुष्य आणखी एका दिवसानेही न वाढवता फक्त मुलांची संख्या दोनवर आणावी. तिन्ही पिढ्या १००-१०० होतात आणि तिघांत एक माणूस म्हातारे असते. अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सले कोल यांनी १९५० च्या दशकात हेच दाखवून दिले होते की समाजाचे वय प्रामुख्याने जन्मदर ठरवतो. बालमृत्यू अगदी कमी झाल्यानंतर मात्र पुढची वाढ उतारवयातील आयुष्यात होते आणि तीही वृद्धांचे प्रमाण वाढवू लागते. जपान आज त्या टप्प्यावर आहे.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत, तर पिढी जेवढ्यास तेवढी राहण्यासाठी सुमारे २.१ लागतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढील लोक सुमारे १० टक्के होते. २०५० पर्यंत देशातच हे प्रमाण २० टक्क्यांवर जाईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्या वर्षी साठी गाठणारा प्रत्येक जण १९९० पर्यंतच जन्मलेला आहे. म्हणून आज पाळणे वाढवल्याने त्यांतला एकही कमी होणार नाही. उलट नवे मूल कमावते होईपर्यंतची वीस वर्षे कमावत्या हातांवर दोन्हीकडचा भार पडेल.

बीड जिल्ह्यात याला स्थलांतराची जोड मिळते. दसऱ्यानंतर मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. शिकलेली पोरे पुण्याला जातात. धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातील गावांत त्या काळात उरतात ती आजी, आजोबा आणि नातवंडे. कमावत्या वयाच्या लोकांमागे लहान मुले आणि वृद्ध किती, हे सांगणाऱ्या अर्थशास्त्राच्या अवलंबित्व गुणोत्तरात ही आजी 'अवलंबित' म्हणून मोजली जाते. प्रत्यक्षात ती पहाटे भाकरी थापते, नातवाला शाळेत धाडते, शेळी सांभाळते आणि तिच्याच भरवशावर तिचा मुलगा व सून उसाच्या फडात कमावतात. हे गुणोत्तर फक्त वय मोजते, काम मोजत नाही. म्हणून त्यावर उभी केलेली धोरणे अशा आजींना केवळ खर्चाच्या बाजूला टाकतात, आणि मला हा मोठा अन्याय वाटतो.

'म्हातारपणाची काठी' मुलगाच असतो, या समजुतीने तर आमचे फार मोठे नुकसान केले आहे. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. म्हातारपणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणारे हात बहुतेक घरांत सुनेचे किंवा लेकीचे असतात, आणि आम्ही जन्माआधीच कमी केले ते नेमके हेच हात.

पैशांचा आधार म्हणजे राज्य सरकारची निराधार वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना. तिच्यात २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात; केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा ऐंशीच्या आतील व्यक्तींसाठीचा वाटा मात्र २०० रुपयेच आहे. ते पैसे काढताना घडलेला एक प्रसंग मी जवळून पाहिला. नऊवारीतील एका आजींनी आधारचा ठसा जुळवून पैसे देणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवला. ठसा जुळला नाही. 'आजी, पदराला पुसून परत ठेवा,' असे यंत्र चालवणारा मुलगा चार वेळा आर्जवाने म्हणाला. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, 'लेकरा, कोयत्यानं झिजला रे तो.' त्यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. बोटांवरील सूक्ष्म वळ्या आयुष्यभराच्या अंगमेहनतीने घासल्या जातात, वयाबरोबर त्वचा कोरडी व पातळ होते आणि यंत्राला वळी व खाच यांतला फरक ओळखता येत नाही. आधार नोंदणीत बुबुळांची प्रतिमाही घेतलेली असते आणि बुबुळ कष्टाने झिजत नाही. पण ते वाचणारे यंत्र त्या टेबलावर नव्हते, आणि आजी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेल्या.